तीन विमानांत डोकं भरलं : माझे एटीसीचे वीस महिने

जुलैत गोंदियाजवळच्या बिरसीहून ट्रेनिंग संपवून घरी आले. तेव्हापासून ओळखीतल्या तीन मुलींनी आणि शेजारच्या गावच्या एका पोरानं फोन करून एकच विचारलं, "ताई, एटीसीचा फॉर्म भरू का? झेपते का ते?" प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

आधी आजीचा गैरसमज, कारण तो बऱ्याच जणांचा असतो. आजी गावभर सांगायची, "नातीन विमान हाकते." आम्ही विमान हाकत नाही आणि रनवेवर उभं राहून काठ्याही हलवत नाही, ते काम वेगळ्या माणसांचं. एअर ट्रॅफिक कंट्रोलर (हे काम म्हणजेच एटीसी) पायलटला रेडिओवरून सांगतो की किती उंचीवर राहा, कधी उतर, कधी थांब, जेणेकरून दोन विमानं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत. सांगायला एवढंच.

मी लाखांदूर तालुक्यातली. घरी धानाची शेती आहे. ब्रह्मपुरीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी केलं आणि पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. बीएड करावं असं आईचं म्हणणं होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची, म्हणजे ह्याच कंट्रोलरच्या पदाची, जाहिरात निघाली, 496 जागा, फॉर्म 1 ते 30 नोव्हेंबर. पात्रता म्हणजे फिजिक्स-मॅथ्स असलेलं बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग, वय 27 पर्यंत, राखीव प्रवर्गाला सूट. फी 1,000 रुपये, पण महिलांना माफ. "फुकट आहे तर भरून टाक," बाबा म्हणाले. मी ह्या वाटेला लागले त्याचं खरं कारण हे एवढंच आहे.

फॉर्म भरताना पहिली ठेच ओबीसीच्या दाखल्याची लागली. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअर होतं, पण ते राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या नोकरीला केंद्राचा नमुना वेगळा लागतो, हे मला फॉर्म भरून झाल्यावर कळलं. तालुक्याला तीन चकरा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा सही करणारे साहेब दौऱ्यावर, एकदा माझ्याच अर्जात वडिलांचं नाव आधारपेक्षा वेगळं. त्या तिसऱ्या चकरेचा दोष कोणाला देणार? दाखला हाती पडला तेव्हा जाहिरात निघून चाळीस दिवस झाले होते. तुम्ही जाहिरातीची वाट पाहू नका. एप्रिल-मे मध्येच दोन्ही नमुन्यांतले दाखले काढून ठेवा, आणि दहावीची सनद, आधार, दाखला या तिन्हींवर नावाचं एक-एक अक्षर सारखं आहे का ते बघा.

परीक्षा 27 डिसेंबर 2023 ला, नागपूरला. 120 मिनिटांत 120 प्रश्न. अर्धे फिजिक्स-मॅथ्सचे, अर्धे इंग्रजी, बुद्धिमत्ता, आकडेमोड आणि सामान्यज्ञानाचे. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या अकरा प्रश्नांना डोळे मिटून गोळे भरले. अभ्यास अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर केला. ती पुस्तकं मावसभावाची जुनी होती, टेस्ट सिरीजला 600 रुपये गेले. क्लास लावला नाही, कारण लाखांदुरात तसा क्लासच नाही.

मग वाट पाहणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रोज सकाळी वेबसाइट उघडायची आणि बंद करायची. उन्हाळ्यात कागदपत्रं तपासायला मुंबईला बोलावलं. गोंदियाहून निघणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसनं मी आणि बाबा गेलो. बाबांनी डब्यात भाकरी, चटणी आणि माझी फाइल एकाच पिशवीत ठेवली होती. सनदेच्या कोपऱ्याला तेल लागलं ते अजून तसंच आहे.

त्याच टप्प्यात आवाजाची चाचणी असते. इंग्रजीतला उतारा वाचायला देतात, थोडं बोलायला लावतात. उच्चार इंग्रजांसारखे आहेत का हे ते बघत नाहीत. तोतरेपणा आहे का, शब्द स्वच्छ ऐकू येतात का, हे बघतात. मी आमच्या आटाचक्कीच्या आवाजात उभी राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि चक्कीवाल्या काकांना विचारायची, ऐकू आलं का? काका म्हणायचे, "आलं, पर समजलं नाही." चालेल.

मादक पदार्थांसाठी लघवीची तपासणी झाली, पुढं मेडिकल झालं. डोळे, कान, ईसीजी, आणि रंग ओळखणं. ठिपक्यांच्या वर्तुळात आकडा शोधायचा तो कागद तुम्ही पाहिला असेल. माझं पाहून झालं तेव्हा बाहेर एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. लाल-हिरव्यात त्याला गोंधळ होता आणि तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला ते माहीतच नव्हतं. वर्षभराचा अभ्यास दहा मिनिटांत संपला. म्हणून पहिला रुपया क्लासवर घालवण्याआधी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगांची तपासणी आणि कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. मी नागपूरला आधीच केली होती, दोन्ही मिळून 1,100 रुपये लागले.

नेमणुकीच्या कागदांसोबत बाँड आला. ट्रेनिंगनंतर तीन वर्षं नोकरी करीन, नाहीतर सात लाख भरीन. सात लाखांचा आकडा पाहून बाबा ओसरीवर जाऊन बसले. अर्ध्या तासानं आत आले आणि म्हणाले, "पळून येशीन तं शेती जाईन, एवढं ध्यानात ठेव." सही केली.

ट्रेनिंग प्रयागराजला होईल असं धरून मी स्वेटर घेतले होते. सेंटर निघालं गोंदिया. म्हणजे वडशाहून गाडीत बसलं की अर्जुनी, देवलगाव करत थेट गोंदिया. बिरसीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. चहूकडे धानाच्या बांध्या. जानेवारी 2025 मध्ये तिथं पोचले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुंपणापलीकडच्या बांधीत सारसाची जोडी दिसली. बरोबरची केरळची मुलगी फोटो काढायला धावली. मी विचार करत होते की एवढा मोठा पक्षी इंजिनात गेला तर. तेव्हाच समजायला हवं होतं की डोक्यात काहीतरी बदलायला लागलंय.

सुरुवातीला वर्ग होते: हवाई कायदा, हवामान, नेव्हिगेशन, विमानांच्या जाती. ते पाठ करून निघतं. बोलायची भाषा शिकायला मात्र जीभ मोडावी लागते. रेडिओवर थ्री नाही, ट्री म्हणायचं. फाइव्ह नाही, फाइफ. नाइन नाही, नायनर. रेडिओच्या खरखरीत आकडे एकमेकांसारखे ऐकू येऊ नयेत म्हणून हे जगभर ठरलेलं आहे. मी गोंदिया स्टेशनवर उभ्या गाड्यांचे नंबर असे वाचायची. आपण सूचना दिली की पायलट ती पुन्हा म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात. आणि तो जे म्हणाला ते आपण खरंच ऐकणं, हे त्याहून मोठं काम. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "बोलणं सोपं आहे. तुम्ही ऐकण्याचा पगार घेणार आहात." मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले.

मार्चमध्ये सिम्युलेटर सुरू झाला. टॉवरच्या सिम्युलेटरमध्ये काचेसारख्या पडद्यांवर रनवे दिसतो, विमान दिसतं, म्हणून तो मला आवडला. घोळ झाला तो बिनरडारच्या सरावात. तिथं पडदा नसतो. पायलट सांगेल तेवढंच खरं: अमुक बिंदूवर अमुक वाजता होतो, पुढच्या बिंदूवर अमुक वाजता पोचीन. प्रत्येक विमानाची कागदी पट्टी प्लास्टिकच्या होल्डरमध्ये घालून समोरच्या बोर्डवर लावायची आणि आकाश डोक्यात उभं करायचं. कंट्रोलर लोक त्याला 'पिक्चर' म्हणतात. पिक्चर आहे तोवर सगळं आहे. पिक्चर गेलं की समोर फक्त कागद उरतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. लोक विचारतात, एका वेळी किती विमानं सांभाळता? प्रश्नच चुकीचा आहे. एप्रिलच्या एका सकाळी मी सहा विमानं हसत सांभाळली, आणि त्याच आठवड्यात तीन विमानांत माझं डोकं भरून सांडलं. ती सहा विमानं सरळ चालली होती, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. गणितानं सहा विमानांच्या पंधरा जोड्या होतात, पण त्यातल्या एकाही जोडीचा विचार करायची गरज नव्हती. तीन विमानांच्या जोड्या तीनच. पण तिन्ही जिवंत असतील तर?

ते तीन विमानांचं सांगते. तो माझा चेक होता, म्हणजे परीक्षाच. एक विमान पश्चिमेकडून पूर्वेकडे, लेव्हल 170, म्हणजे सतरा हजार फुटांच्या घरात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम लेव्हल, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, हा साधा नियम (शेवटचं शून्य सोडून बघायचं: सतरा विषम, चोवीस सम). दुसरं आमच्या विमानतळावरून उडून पश्चिमेला जाणारं, त्याला 240 पाहिजे, म्हणजे समोरून येणाऱ्या पहिल्याला भेदून वर जायचं. तिसरं उत्तरेकडून आमच्याकडे उतरायला येणारं, त्याला त्याच 170 मधून खाली यायचं. वरखाली हजार फूट अंतर हवं. मी पहिल्याला 170 वर ठेवलं, दुसऱ्याला 160 वर अडवलं, तिसऱ्याला 180 वर. कागदावर बरोबर. तिघंही सुरक्षित, आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसलेले.

मग तिसऱ्यानं सांगितलं, समोर ढग आहे, वीस मैल डावीकडे वळू द्या. दुसरा म्हणाला, अजून वर द्या, किती वेळ? पहिल्यानं बिंदूवर पोचायची वेळ बदलून कळवली, म्हणजे मी पट्टीवर केलेली आकडेमोड रद्द. मी तिसऱ्याला वळायची परवानगी दिली आणि म्हटलं, मेंटेन वन एट झीरो. डोळे पट्टीवर, हात पहिल्याची नवी वेळ लिहितोय. रीडबॅक आला. मी "करेक्ट" म्हणाले.

तो वन सिक्स झीरो म्हणाला होता.

पायलटच्या जागी बसलेले सर मुद्दामच तसं म्हणाले होते. तिसरं विमान पहिल्याच्या लेव्हलमधून खाली, दुसऱ्याच्या लेव्हलवर चाललं होतं आणि मी समाधानानं सात हा आकडा नीट काढत होते. सराव थांबवला गेला. खोलीत एसीचा आवाज तेवढा राहिला. सरांनी टेप लावली. माझ्याच कानांनी मी स्वच्छ "सिक्स" ऐकलं. आवाज खणखणीत होता, खरखर अजिबात नव्हती. ऐकायला डोक्यात जागाच उरली नव्हती.

नापास. पुन्हा चेक बारा दिवसांनी.

त्या रात्री होस्टेलच्या जिन्यात बसून घरी फोन लावला. गोंदियाचा एप्रिल, रात्री दहालाही भिंत तापलेली. बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "काहून रडून राहिली वं? खऱ्या विमानातलं कोनी मेलं का?" नाही म्हटलं. "मंग?" मग त्यांना तिन्ही विमानांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पाट आला का चार बांध्याइचे तोंडं एकदम खोलतेत का? एक बुजल्याबिगर दुसरं खोलाचं नाही." झोपताना वाटलं, बाबांना काय कळतंय, पाणी थांबतं, विमान आकाशात थांबत नाही. एक संपवून मगच दुसरं, हा नियम आमच्याकडे चालत नाही हे आजही माझं मत आहे. पण त्यांचं अर्धं वाक्य कामाला आलं. सराव सुरू झाला तेव्हा दुसरं विमान उडालंच नव्हतं. त्याचं तोंड मीच खोललं होतं.

पुढचे बारा दिवस सराव कमी आणि वाचन जास्त केलं. कामाचा मानसिक भार मोजायची एक पद्धत सापडली, 1988 साली नासाच्या लोकांनी प्रसिद्ध केलेली. काम झाल्याबरोबर सहा गोष्टींना गुण द्यायचे: डोक्याला किती ताण, शरीराला किती, घाई किती, काम कसं झालं, कष्ट किती पडले, चिडचिड किती झाली. मी वहीत सहा रकाने आखले आणि प्रत्येक सरावानंतर भरू लागले. चार दिवसांत दिसलं की माझा 'घाई'चा रकाना विमानांच्या संख्येबरोबर वाढतच नाही. ज्या दिवशी निर्णय लांबवले त्या दिवशी तो वाढतो. "बघू, दोन मिनिटांनी ठरवू" असं म्हणून ठेवलेली प्रत्येक गोष्ट डोक्यात भाडं न देता राहते.

दुसरं वाचलं ते स्पेरांदिओ नावाच्या फ्रेंच संशोधकाचं, 1971 मधलं काम. त्यांना दिसलं की रहदारी कमी असते तेव्हा कंट्रोलर प्रत्येक विमानाचा वेगळा विचार करतात, त्याला जवळची वाट देतात. गर्दी वाढली की तेच कंट्रोलर सगळ्यांना ठरलेल्या एकाच वाटेला लावतात आणि कमी गोष्टींकडे बघतात. पायलटला थोडा फेरा पडतो, पण कंट्रोलरचं डोकं शाबूत राहतं. मला हे वाचून बरं वाटलं. मी तोवर समजत होते की हुशार कंट्रोलर म्हणजे सगळ्यांना हवं ते देणारा.

सरांनी त्याच दिवसांत वर्गात युबरलिंगनचं सांगितलं. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीच्या त्या गावावर दोन विमानं धडकली, 71 माणसं गेली. त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागांचं काम बघत होता आणि देखभालीच्या कामामुळं मुख्य फोन बंद होते. दुसऱ्या जागेवर उतरणाऱ्या एका विमानासाठी तो फोन लावत राहिला. आपल्याकडे चरखी दादरीला 12 नोव्हेंबर 1996 ला 349 माणसं गेली. तिथं धडकलेल्या दोन विमानांपैकी एकाला 150 लेव्हलवर राहायला सांगितलं होतं आणि ते त्याच्या खाली आलं. हजार फुटांचा फरक. माझा वन सिक्स झीरो मला त्या दिवशी वर्गात पुन्हा ऐकू आला.

पुन्हा चेकच्या दिवशी विमानं चार होती. मी पहिल्या मिनिटालाच ठरवलं की उडणाऱ्याला सहा मिनिटं जमिनीवरच थांबवायचं. पायलटच्या जागेवरच्या सरांनी कुरकूर केली, "प्रवासी बसलेले आहेत." मी म्हटलं, स्टँडबाय. रीडबॅक येताना पेन खाली ठेवायचं, हीही सवय लावली होती. पेन हातात असलं की मी लिहिते, आणि लिहिताना मला ऐकू येत नाही. कोणाला येत असेल, मला नाही. पास झाले. पण गुण दाखवताना सर म्हणाले की शेवटच्या पाच मिनिटांत, गर्दी ओसरल्यावर, मी एका विमानाला उत्तर द्यायला उशीर केला. खरं होतं. सुटलो बाबा, असं वाटलं की लक्ष आधी सुटतं. अजून त्यावर काम चालू आहे.

अजून थोडं कामाचं. मेसचं जेवण ठीक आहे, पण चेकच्या दिवशी दुपारी भात कमी खा. आमच्याकडच्या पोरींना हे अवघड आहे, मला माहीत आहे. झोप मोडून पाठांतर करू नका. मी एकदा केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दिलेली लेव्हल मला आठवेना. मच्छरदाणी घरून न्या. आणि हे संपलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. पोस्टिंग मिळाल्यावर खऱ्या विमानांवर, बाजूला जुना कंट्रोलर बसवून शिकायचं असतं, मग रेटिंगची, म्हणजे त्या जागेवर एकट्यानं काम करायच्या परवानगीची, परीक्षा. प्रत्येक नव्या जागेला हे पुन्हा.

मी घरी आले तेव्हा रोवणी चालू होती. पोस्टिंगच्या ऑर्डरची वाट पाहत आठ दिवस पऱ्हे उपटले. एका संध्याकाळी आईनं लाखांदूरला किराणा आणायला पाठवलं. दुकानदार काकांनी उधारीच्या वहीसाठी मोबाइल नंबर विचारला. मी सांगून टाकला, ट्री, फाइफ, नायनर करत. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, लिहिलं, वही बंद केली आणि पिशवी पुढं सरकवली.

मी जागची हलले नाही.

"का झालं वं?"

"काका, लिहिलं ते म्हणून दाखवा आधी."